बारावी खुर्ची

केज, मंगळवार दुपार

तीर्थरूप मोहनराव दाजी यांस,

राधाकिशनचा प्रभूच्या नावात सलाम. अक्षर ओळखूनही तुम्ही पाकीट फोडलंत, याबद्दल आधीच आभार मानतो. तुम्ही फोडलं नसेल आणि मंगलअक्का हे चोरून वाचत असेल, तर तिलाही सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? शुगर? म्हशीचं काय झालं? (आमच्या कानावर एवढंच आलं होतं की म्हैस खात नाही. पुढचं सांगायला तीन वर्षांत चौसाळ्याहून कुणी आलं नाही, तेव्हा ती गेली असेल तर मला वाईट वाटलं आणि जगली असेल तर आनंद झाला, असं धरून चालावं.) आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी खुशाल नाही. फोनच करणार होतो, पण माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या नाताळच्या शुभेच्छांवर अजून एकच टिक आहे. मनकर्णा म्हणाली, तुम्हाला कचेरीची सवय आहे तर कागदावरच लिहा, कागद ब्लॉक होत नाही.

कागदावर लिहायचं तर आधी प्रकरणाची पार्श्वभूमी द्यावी लागते. ती तुम्हाला पाठ आहे, पण मला ती स्वतःच्या हातानं एकदा लिहून बघायची आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्या धनश्रीनं शिरूर कासारच्या सोमेश्वरशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा बौद्ध, शिक्षक, निर्व्यसनी. आपल्या चर्चच्या मंडळीचा नियम असा की मंडळीबाहेर आणि पाळकाशिवाय लग्न करणाऱ्याचं नाव सभासदांच्या वहीतून कमी करावं. हा नियम त्याआधी कुणालाही लावलेला नव्हता (तुमच्या-माझ्या घरचे निम्मे पाहुणे बौद्ध आहेत आणि दर चौदा एप्रिलला आपण शेजारी बसून त्यांच्याकडं जेवलो आहोत). पण तहसील कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मंडळीचा चिटणीस केलं की त्याला माणसांच्या आधी नियम दिसतात. वार्षिक सभेत मी उभा राहिलो, सख्ख्या भाचीचं नाव वाचलं, आणि सगळ्यांदेखत फूटपट्टी धरून त्यावर लाल रेघ ओढली. तुम्ही उठून गेलात, पाठोपाठ अक्का गेली, आणि तेव्हापासून तुमचं दार मला बंद आहे. घरी आल्यावर मी मनकर्णाला म्हणालो होतो, आपल्या माणसाला सूट दिली असती तर लोक काय म्हणाले असते. ती म्हणाली, काही नसते म्हणाले. दाजी, खरंच काही नसते म्हणाले.

असो. आता पाहुण्यांकडं वळतो, म्हणजे माझ्या सध्याच्या हालांकडं. आपल्या पाळक समाधानसाहेबांनी दोन वर्षं पत्रव्यवहार करून न्यूझीलंडहून आठ जणांची तुकडी आणवली. दोन आठवडे आपल्या मंडळीबरोबर उपासना करायची आणि सेवा करायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. (न्यूझीलंड म्हणजे ऑस्ट्रेलियाच्याही पुढं. तिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत म्हणतात, तेव्हा तिथलं चिटणीसपद सोपं असावं.) आले ते नेमके डिसेंबरात, जेव्हा आपली निम्मी मंडळी कोयते घेऊन कारखान्यांच्या फडात असते. पाळकांनी कळवली होती एकशेचाळीस माणसं, आणि चर्चमध्ये होतो आम्ही एकेचाळीस, तेही तान्ही लेकरं धरून. त्यांच्या पुढारीण आहेत पासष्टीच्या, उंच, मेंढपाळ घरच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांचं नाव आपल्या बायकांच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या नावांचे अर्थ विचारले. माझ्या नावाचा अर्थ पाळकांच्या मुलीनं, करिष्मानं, इंग्रजीतून सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडं मायेनं बघत राहिल्या आणि संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी वेगळी प्रार्थना केली.

पहिल्या रविवारी उपासनेतच सगळं कळायला हवं होतं. आपण सतरंजीवर बसून भजन म्हणतो, ते लोक उभं राहून गातात. ते उभे राहिले तसे आपले लोक पाहुण्यांच्या मानासाठी उभे राहिले. तेवढ्यात त्यांनी सतरंजी बघितली आणि आपल्या रीतीचा मान ठेवायला ते खाली बसले. मग आपण बसलो. आपण बसल्याचं बघून त्यांना वाटलं गाणं संपलं, ते प्रार्थनेला उठले. असं तीन कडवी चाललं. ढोलकीवाला तेवढा पहिल्यापासून बसून होता, म्हणून ताल टिकला.

पुढची अडचण सेवेची. ही माणसं आली होती राबायला, आणि आपल्याकडं पाहुण्याला कामाला लावणं म्हणजे घराण्याला बट्टा. मोठ्या बाईंनी झाडू उचलला की मनकर्णा तो हातातून काढून घ्यायची आणि चहा द्यायची. त्यांच्यातल्या दोन तरण्याताठ्या माणसांनी चर्चची मागची भिंत रंगवायला घेतली. ते जेवायला बसले तेवढ्यात आपल्या पोरांनी उरलेली भिंत रंगवून टाकली, वर पाहुण्यांनी रंगवलेल्या भागावरून दुसरा हात फिरवला, म्हणजे त्यांचे कष्ट दिसू नयेत. चौथ्या दिवसापर्यंत त्या आठ जणांनी आपल्याकडं मिळून काय सेवा केली असेल तर चहा पिला, दिवसाला सात वेळा. त्यांच्यातली एक मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रडायला लागली. करिष्मानं विचारलं तर म्हणाली, आम्ही एवढे लांब बसायला आलो नव्हतो. बायकांनी लगेच तिला पोहे दिले.

खरी सेवा झाली ती एकाच ठिकाणी, आरोग्य तपासणीत, आणि तिथं मदतीला होती धनश्री. हे तिनं तुम्हाला सांगितलं असेलच. ती इथल्या दवाखान्यात नर्स आहे आणि करिष्मा तिची मैत्रीण, म्हणून करिष्मानं तिला बोलावलं. पाहुण्यांनी तिला त्यांचा निळा टी-शर्ट दिला. आता पंचाईत बघा. ती वहीवर नाही, म्हणजे आपल्या बाजूची नाही, म्हणजे यजमान नाही. तेव्हा तिला काम करू न देण्याचं कारण कुणाकडं नव्हतं. तिनं पाच दिवस रक्तदाब मोजले, म्हाताऱ्यांचे कान धुतले, जखमा बांधल्या, आणि आपले लोक तिला निमूट करू देत होते. मी नियम शोधत होतो. पाहुण्यांच्या तुकडीत कुणी असावं याबद्दल आपल्याकडं एकही नियम नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं. ती समोरून गेली की मी वहीत डोकं घालायचो. ती मात्र माझ्याकडं बघत नाही असं दाखवायचीसुद्धा तसदी घेत नव्हती, तिचं खरंच लक्ष नव्हतं.

मग मोठ्या बाईंनीच तोड काढली. शेवटच्या रविवारी आम्ही तुमचे पाय धुतो, त्या म्हणाल्या, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. पाळकांना गहिवरून आलं आणि त्यांनी त्या गहिवरात फ्लेक्स छापायला टाकला. त्यावर बारा खुर्च्यांचं चित्र. बारा माणसं जमवायची जबाबदारी अर्थात चिटणिसावर. पंचांच्या बैठकीत एक माणूस तयार होईना. पाहुणा दारात आला तर आपण त्याच्या पायावर पाणी घालायचं, का त्यानं आपल्या? ज्ञानोबा पंच म्हणाले, मरेन पण बसणार नाही. मी त्यांचं नाव यादीतून गाळलं, तर दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारतात, आपल्याला कावून गाळलं. ज्यांना विचारलं ते नको म्हणाले, ज्यांना विचारलं नाही ते रुसले, आणि स्त्रीमंडळानं सहा खुर्च्या राखीव मागून घेऊन त्यावर बसायला एकही बाई दिली नाही. चार दिवस दारोदार हिंडून अकरा नावं झाली. बाराव्याला कुणी हात लावेना, कारण शिष्यांतला बारावा यहूदा, प्रभूला धरून देणारा. मी म्हणालो, खुर्च्यांना क्रमांक नाहीत. ते म्हणाले, मोजल्यावर पडतात. पाळकांनी समजूत घातली की बाबांनो, प्रभूनं यहूदाचेही पाय धुतले होते, हे विसरू नका. झालं, ती खुर्ची त्याचीच हे त्यामुळं पक्कं झालं.

यादीत नाव लागल्यावर आणखी एक संकट उभं राहिलं. हे पाय परदेशी माणसांपुढं ठेवायचे कसे? जन्मभर ऊस तोडलेले, चिखलात उकललेले पाय ते. आठवडाभर केजात टाचा घासायच्या वजरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. भेगांवरचं मलम बाजारातल्या तिन्ही दुकानांत संपलं. रविवारी सगळे घरून पाय धुऊन, पुसून, तेल लावून आले. ज्ञानोबांनी धूळ लागू नये म्हणून घरापासून दोन्ही पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. एवढ्या स्वच्छ पायांना पाणी कशाला दाखवायचं हे पाहुण्यांनाही कळलं नसेल. बारावी खुर्ची मी शेवटी चंद्रभागाबाईंना दिली होती. (चर्च झाडणाऱ्या आजी. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं यहूदाची चर्चा त्यांच्यापर्यंत गेली नव्हती.) तर त्या सगळ्यांच्या आधी येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि उठेनात. बाकीचे सरकले, एक जण पळून गेल्यानं पुन्हा सरकले, आणि बारावी रिकामीच राहिली. मी यादी घेऊन तिच्या मागं उभा.

मोठ्या बाई गुडघे धरत ज्ञानोबांसमोर खाली बसल्या. पासष्टीची पाहुणी बाई आपल्या पायाशी बसलेली बघून ज्ञानोबा खुर्चीवरून जे उडाले ते थेट फरशीवर. त्यांनी बाईंचेच पाय धरले आणि तांब्या उपडा केला. बुटांसकट. ते बघून बाकीचेही उतरले. क्षणात आमच्या अख्ख्या रांगेनं पाहुण्यांचे पाय धरले, पाहुण्यांनी आमचे धरले, घमेली कलंडली, साड्या भिजल्या, जो तो आधी तुमचे, आधी तुमचे करत फरशीवरून घसरतोय आणि वर खुर्च्या मोकळ्या. पाळकांनी घाबरून मध्येच गीत सुरू केलं. एकट्या चंद्रभागाबाई वर बसून होत्या, दोन्ही पाय घमेल्यात, डोळे मिटलेले. पाणी कोमट आहे, बरं वाटतं, असं त्यांनी मोठ्यांदा जाहीर केलं. मग त्यांनी डोळे उघडले, खाली चाललेला चिखल बघितला आणि म्हणाल्या, "समदे खाली कावून गेलेत? अरे, ती बाई पाय मागती, भाकर न्हाई मागत. द्या की." त्यावर एकेक जण ओशाळून आपापल्या खुर्चीवर जाऊन बसला. मग आजींची नजर माझ्यावर आली. "राधाकिसन, तू कावून उबा हायेस? ती एक रिकामी हाय. बस."

दाजी, मी बसलो. फ्लेक्सवर बारा छापलेत, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. बसल्यावर ध्यानात आलं की साऱ्या जगाला पाय घासायला लावून मी स्वतः घासलेले नव्हते, आणि डावा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला. पाहुणे एकेका खुर्चीपुढं सरकत होते. माझ्यापुढं कोण येतं याचा हिशेब मी उशिरा केला. निळा टी-शर्ट घातलेली नववी व्यक्ती घमेलं घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझा मोजा काढायला लागली.

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना वळल्या. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडं भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो, मामानंच भाचीच्या पाया पडायचं असतं. आजोबांनी धर्म बदलला, प्रार्थना बदलली, पण ही रीत बाप्तिस्म्याच्या पाण्यातही वाहून गेली नाही. ती सव्वा महिन्याची असल्यापासून दर नाताळाला मी तिच्या पायावर डोकं ठेवलंय, आणि माझ्या मिशा टोचतात म्हणून ती पाय ओढून घ्यायची. मनकर्णाला राहवलं नाही. ती तिकडून म्हणाली, "धना, अगं भाचीनं मामाच्या पायाला हात लावू न्हाई."

धनश्रीनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मामी, भाची वहीत होती तवर होती. आता मी पाहुण्यातली हाय."

आणि तिनं धुतले. घाईघाईनं नाही, नीट, बोटांच्या मधून. टाचेपाशी आल्यावर थांबली, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि अगदी शुद्ध भाषेत म्हणाली, "ही भेग चिघळली आहे. शुगर तपासून घ्या, अंगावर काढू नका." कुणाही पेशंटला ती असंच सांगत असणार. टॉवेलनं पाय पुसले, मोजा उलटा करून झटकला, घातला आणि घमेलं उचलून निघून गेली. तीन वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे एवढंच. दाजी, ती रागावली असती, रडली असती, पाणी तोंडावर मारलं असतं तरी मी कुठल्यातरी नियमानं उभा राहिलो असतो. तिनं मला परक्या माणसाइतकं चांगलं वागवलं. मी तसाच बसून राहिलो, इतका वेळ की पोरांनी बाकीच्या अकरा खुर्च्या गोळा करून नेल्या. पाहुणे काल गेले. जाताना मोठ्या बाई मला म्हणाल्या की असा सोहळा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ते अगदी खरं असावं.

तर आता पत्राचं कारण. धनश्रीचं नाव पुन्हा वहीत घेण्यास चिटणीस या नात्यानं माझी हरकत नाही. त्यासाठी पालक या नात्यानं आपण साध्या कागदावर अर्ज करावा, म्हणजे तो मी पुढील बैठकीत पंचांसमोर विचारार्थ ठेवीन. मसुदा सोबत जोडला आहे, फक्त सही करायची आहे. अक्काला सलाम. सोमेश्वररावांना (प्रथमच) सलाम. गुडघ्याला शेक द्या.

आपला,
राधाकिशन

ता. क. मनकर्णानं पत्र वाचायला मागितलं. शेवटच्या भागापर्यंत ती हसत होती. मग तिनं मसुदा काढून घेतला, माझ्या पुढ्यातला चहाही उचलून नेला आणि आतून विचारलं, "रेघ तुमी वडली आन अर्ज दाजींनी करायचा का?" तेव्हा मसुदा सोबत जोडलेला नाही. वर जोडला आहे असं लिहिलंय ते खोडायला जागा नाही, म्हणून खुलासा केला.

ता. क. २. वहीत नाव मी आजच घातलं. नवीन पानावर, स्वतःच्या अक्षरात, ठराव न करता. सोमेश्वररावांशी लग्न झाल्याचीही नोंद केली. हे पूर्णपणे नियमबाह्य आहे आणि बैठकीत ज्ञानोबा मला चिटणीसपदावरून काढणार यात शंका नाही. काढू द्या. पण वहीत नाव घातलं म्हणून ती माझी भाची झाली असं नाही, एवढं मला आता कळतं. माझ्या पायाला तिचा हात लागलाय तो मला तिच्याच पायाशी उतरवायचा आहे. रविवारीच ती दुपारच्या गाडीनं तुमच्याकडं आली असं करिष्मा म्हणाली. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी चौसाळ्याला येतो. तुम्ही हो म्हणावं अशी विनंती आहे. खरं तर पत्र एवढ्याचसाठी होतं, बाकीचं सगळं मी धीर यायला लिहीत बसलो.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला घेतलं होतं. मनकर्णा आता शेजारी येऊन बसली आणि तिनं रविवारपासून पोटात ठेवलेलं सांगितलं. माझ्यापुढून उठताना धनश्रीनं एक हात फरशीला टेकला होता आणि एक कमरेवर ठेवला होता. मला वाटलं, बसून पाय अवघडले असतील. मनकर्णा म्हणते, सहावा महिना तरी असेल. दाजी, हे आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि कशाला कळवावं. पण ती तसल्या अवस्थेत ओल्या फरशीवर वाकून बसली होती, आणि मी मामा असून वर बसून होतो. गुरुवारी मला घरात घेऊ नका. दारापुढं फक्त तिला एक खुर्ची टाकून द्या. मी खाली बसतो.